म्हातारपणी भांग-गांजा: विसराळूपणा नेमका कशाचा?

सत्तरीच्या माणसाला गोष्टी आठवेनाशा झाल्या की घरचे आधी 'वय झालं' म्हणतात आणि काही महिन्यांनी 'अल्झायमर तर नाही ना?' यावर येतात. मधला एक प्रश्न विचारायचा राहूनच जातो: भांग, गांजा किंवा त्यातलं काही घेण्यात आहे का? वडीलधाऱ्या माणसाला असं विचारायचं कसं, म्हणून घरचे गप्प बसतात. डॉक्टरांचे प्रश्न दारू-तंबाखूपाशी संपतात. हे फार वाईट आहे, कारण विसराळूपणाची जी थोडीफार कारणं दुरुस्त होऊ शकतात त्यांतलं हे एक आहे, आणि ते शोधायला एमआरआयसुद्धा लागत नाही.

'आमच्यात कोण घेतंय' असं वाटत असेल तर आधी 'घेणं' म्हणजे काय काय ते बघा. चिलीम ओढणारे आजोबा सगळ्यांना दिसतात. पण महाशिवरात्रीला नि धुळवडीला ठंडाईतून जाणारी भांग, पोट साफ व्हावं किंवा झोप लागावी म्हणून पानटपरीवरून आणलेल्या भांगेच्या गोळ्या, गुडघेदुखीसाठी कुणीतरी सुचवलेलं 'विजया' तेल, आणि मुलाकडे अमेरिकेला किंवा कॅनडाला गेल्यावर तिकडच्या दुकानातून आणलेल्या गमीज म्हणजे जेलीसारख्या नशेच्या गोळ्या, हे सगळं एकाच झाडाचं आहे. २०१९ साली सामाजिक न्याय मंत्रालय आणि दिल्लीच्या एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यात १० ते ७५ वयाच्या लोकांपैकी २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३.१ कोटी लोकांनी वर्षभरात यातलं काही ना काही घेतलं होतं. भांग घेणारे गांजा-चरसवाल्यांपेक्षा जास्त निघाले.

दुसरीकडे, 'गांजा घेणाऱ्यांचा मेंदू म्हातारपणी मोठा राहतो' अशा बातम्या हल्ली व्हॉट्सॲपवर फिरतात आणि त्याच्या बरोबर उलट, 'गांजाने स्मृतिभ्रंश होतो' अशाही फिरतात. दोन्हींच्या मुळाशी खरे अभ्यास आहेत. पण पंचाहत्तरीच्या एका विशिष्ट माणसाबद्दल निर्णय घेताना दोन्ही मथळे फारसे कामाचे नाहीत. तिथे चारच गोष्टी विचाराव्या लागतात: किती, कुठल्या वाटेने, कोणत्या गोळ्यांसोबत, आणि शेवटचं कधी.

मेंदूत काय घडतं

या झाडातला नशा आणणारा मुख्य घटक म्हणजे टीएचसी. तो १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहीएल गाओनी यांनी शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तो मेंदूत नेमका कुठे बसतो हे कळायला १९८८ साल उजाडलं. त्या जागेला सीबी-१ ग्राहक म्हणतात. हे ग्राहक सगळ्यात दाट आहेत ते हिप्पोकॅम्पसमध्ये म्हणजे नवी आठवण तयार करणाऱ्या भागात, अनुमस्तिष्कात म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागात, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या खोलवरच्या गाठींमध्ये आणि कपाळामागच्या विचार-नियोजनाच्या भागात. गांजाने माणूस विसरतो, डुलतो आणि त्याचं वेळेचं भान सुटतं, यामागचं कारण या नकाशातच आहे. श्वास चालवणाऱ्या मेंदूखोडात हे ग्राहक विरळ असतात, म्हणून अफूसारखा याने श्वास सहसा थांबत नाही.

हे ग्राहक गांजासाठी बनलेले नाहीत. शरीर स्वतःच तशी रसायनं तयार करतं. त्यातलं पहिलं, अ‍ॅनंडामाइड, १९९२ मध्ये सापडलं. त्यांचं काम उलट्या दिशेने चालतं. संदेश मिळालेली पेशी संदेश पाठवणाऱ्या पेशीला 'पुरे' असा इशारा देते. तो इशारा अगदी त्या एका जोडणीपुरता असतो आणि लगेच विरून जातो. वर्गात बडबड करणाऱ्या एकाच मुलाला बाईंनी नजरेने गप्प करावं, तसं. टीएचसी येतं तेव्हा सगळा वर्ग काही तास गप्प होतो. कुठली जोडणी पक्की करायची आणि कुठली सोडून द्यायची, ही निवडच हिप्पोकॅम्पसमध्ये बिघडते आणि त्या वेळात जे घडलं ते नीट नोंदलंच जात नाही.

म्हणून यातला विसराळूपणा ओळखता येतो. लग्नातली गाणी, शाळेतल्या कविता, पहिल्या नोकरीतल्या साहेबांचं नाव, हे जुनं सगळं शाबूत असतं. बिघडतं ते आत्ताचं. फोनवर दहा मिनिटं बोलून झाल्यावर कोणाशी बोललो ते सांगता येत नाही. सांगितलेले तीन निरोप एकदम लक्षात राहत नाहीत. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे 'पुढे करायचं आहे' ही आठवण जाते.

ही शेवटची गोष्ट गोळ्यांच्या डबीत दिसते. सात दिवसांची, सकाळ-दुपार-रात्र अशा खणांची डबी आठवड्याच्या शेवटी उघडून बघा. सकाळचे खण रिकामे आणि रात्रीचे दोन-तीन भरलेले असतील, आणि बाबा रात्री जेवणाआधी काही घेत असतील, तर गोळी चुकण्याची वेळ आणि नशेची वेळ एकच आहे. सकाळ-रात्र असा भेद न राहता कुठलेही खण भरलेले राहत असतील, किंवा एकच खण दोनदा भरल्याच्या खुणा असतील, तर कारण बहुधा वेगळं आहे आणि त्याचा शोध घ्यायला हवा. बीपीची गोळी 'घेतली की नाही' हे न आठवून परत घेणं ही खरोखर घडणारी आणि महागात पडणारी चूक आहे.

तेच प्रमाण साठीनंतर जड का पडतं

टीएचसी चरबीत विरघळतं. वयाबरोबर स्नायू घटतात, चरबीचा वाटा वाढतो, शरीरातलं पाणी कमी होतं, यकृत मंदावतं. त्यामुळे तरुणपणी पचलेलं तेवढंच प्रमाण आता शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. 'मी चाळीस वर्षं घेतोय, मला काही होत नाही' हे वाक्य चाळीस वर्षांपूर्वीच्या शरीराबद्दल खरं असतं.

आणि मालही तोच राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजाची वर्षानुवर्षं तपासणी होते. त्यात १९९५ च्या सुमारास टीएचसीचं सरासरी प्रमाण ४ टक्के होतं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांवर गेलं. आज तिकडच्या दुकानांत २० टक्क्यांचं फूल सहज मिळतं. सत्तरच्या दशकात कॉलेजात ओढलेल्या गांजाचा अंदाज धरून जो आज ते ओढेल तो फसेल.

वाटेचाही मोठा फरक पडतो. ओढलं तर काही मिनिटांत चढतं आणि तीन-चार तासांत उतरतं. माणसाला कळतं की पुरे झालं. पोटातून घेतलं तर चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात, भर येतो दोन ते चार तासांनी, आणि असर सहा-आठ तास, म्हाताऱ्या माणसात त्याहूनही जास्त टिकतो. वर यकृत टीएचसीचं रूपांतर ११-हायड्रॉक्सी-टीएचसीमध्ये करतं आणि तेही मेंदूवर जोरात काम करतं. ओढताना ते फार कमी बनतं, खाल्ल्यावर बरंच. म्हणून 'चिलीम कडक, भांग सौम्य' ही समजूत म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत नेमकी उलटी पडते.

आता ठंडाईचा पेला जरा जवळून बघू. पानं उकळतात, धुतात, पाट्यावर बारीक वाटून गोळा करतात. उष्णतेने पानातलं निष्क्रिय आम्ल नशा आणणाऱ्या टीएचसीत बदलतं. मग बदाम, बडीशेप, खसखस, मिरी, मगज यांच्याबरोबर तो गोळा दुधात जातो, आणि दुधातल्या स्निग्धांशामुळे तो शरीरात अधिक चांगला शोषला जातो. पण तो दुधात विरघळत नाही, नुसता तरंगतो आणि हळूहळू तळाशी बसतो. पातेलं ढवळलं नाही तर पहिला पेला बेताचा आणि शेवटचा जड होतो. बहुतेक घरांत मोठी माणसं सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी घेतात, हे विसरू नका. हिशोब करून बघा: १ ग्रॅम वाळलेल्या पानात टीएचसी १ टक्का धरलं तरी ते १० मिलिग्रॅम होतं. ज्या देशांत डॉक्टर हे औषध म्हणून देतात तिथे वृद्धांची सुरुवात १ ते २.५ मिलिग्रॅमने होते. म्हणजे 'एकच छोटा गोळा' हा सुरुवातीच्या डोसाच्या चौपट-दसपट असू शकतो, आणि गोळ्यात किती पान आहे हे वाटणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

नेहमीची चूक ठरलेली असते. चार वाजता एक पेला घेतला. पाचला काहीच नाही. 'यात काही दम नाही' म्हणून दुसरा. सहाला पहिला चढतो, सातला दुसरा, आणि आठला आजोबा 'मी कुठे आहे' विचारतात.

परदेशातल्या गमीजची गंमतही हीच. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत एका गमीत १० मिलिग्रॅम आणि एका पाकिटात १०० मिलिग्रॅम टीएचसी असतं. कॅनडात पूर्ण पाकिटात १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. टोरंटोच्या मुलीकडे अख्खं पाकीट संपवून काही न झालेल्या आईने न्यू जर्सीच्या मुलाकडे तोच हिशोब लावला तर दहापट जातं. मुलांनो, घरात हे ठेवत असाल तर कुलपात ठेवा. रंगीत गोळ्या फ्रिजमध्ये दिसल्या की आई-बाबा त्या नातवंडाच्या चॉकलेटच समजणार. आणि तिथे दुकानात मिळतात म्हणून त्या बॅगेत घालून भारतात आणणं हा एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. भांगेचं नुसतं पान त्या कायद्यातल्या गांजा-चरसच्या व्याख्येत येत नाही, राज्यांचे नियम त्याला लागू होतात. गमीतलं टीएचसी मात्र त्या सवलतीत बसत नाही.

मोठे अभ्यास काय सांगतात

ब्रिटनच्या यूके बायोबँकेत, म्हणजे स्वयंसेवकांच्या आरोग्य-माहितीच्या मोठ्या साठ्यात, ४० ते ७७ वयाच्या सव्वीस हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. आयुष्यात गांजा घेतलेल्यांच्या मेंदूचे काही भाग, हिप्पोकॅम्पस धरून, सरासरीने मोठे दिसले आणि काही चाचण्यांत त्यांचे गुणही चांगले होते. बातमी झाली ती याची. आता प्रश्नावली बघा. 'आयुष्यात किती वेळा?' याला पर्याय होते: एक-दोनदा, ३ ते १०, ११ ते १००, आणि १०० पेक्षा जास्त. १९७५ मध्ये दोन वर्षं दर शनिवारी ओढून सोडून दिलेला माणूस सर्वात वरच्या गटात जातो, आणि रोज चिलीम ओढणाराही त्याच गटात. शिवाय बायोबँकेत बोलावलेल्यांपैकी जेमतेम साडेपाच टक्के लोक आले, आणि जे आले ते शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा अधिक शिकलेले, अधिक निरोगी होते. यातून एवढंच निघतं की तरुणपणी थोडाफार गांजा ओढलेला निरोगी माणूस म्हातारपणी घाबरण्याचं कारण नाही. सत्तरीत नव्याने सुरू करणाऱ्याबद्दल हा अभ्यास काहीच सांगत नाही, कारण तो माणूस त्यात नाहीच.

त्याच बायोबँकेच्या मेंदू-चित्रांवर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये काम प्रसिद्ध केलं. त्यांना गांजा घेतलेल्यांमध्ये मेंदूतल्या पांढऱ्या तंतूंची घडण काहीशी कमकुवत दिसली. पण जनुकांच्या आधारे कारण-परिणाम तपासल्यावर 'गांजामुळेच' असं म्हणायला आधार मिळाला नाही. एकाच साठ्यातून दोन वेगळी चित्रं निघाली, यात फसवाफसवी काही नाही. निरीक्षणाच्या अभ्यासाची ताकद तेवढीच असते.

डेन्मार्कमध्ये ५,१६२ पुरुषांची विशीतली आणि साठीतली बुद्धिमापन चाचणी ताडून पाहिली. कधीतरी गांजा घेतलेल्यांची घसरण इतरांपेक्षा १.३ गुणांनी कमी होती. १.३ गुण म्हणजे रोजच्या व्यवहारात शून्य. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा पाठपुरावा अजून चालू आहे. त्यांच्यातल्या दीर्घकाळ, नेमाने घेणाऱ्यांचा बुद्ध्यांक लहानपणापेक्षा ४५ व्या वर्षी सरासरी ५.५ गुणांनी उतरला होता. हा फरक घरच्यांच्याही नजरेत येतो. मला हा अभ्यास सर्वात वजनदार वाटतो, कारण तिथे प्रत्येकाची आधीची पातळी माहीत होती.

आणि कॅनडातला ओंटारियो प्रांत. ४५ वर्षांवरच्या साठ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून २०२५ मध्ये निष्कर्ष आला की गांजामुळे तातडीच्या विभागात किंवा रुग्णालयात दाखल व्हावं लागलेल्यांत पुढच्या पाच वर्षांत सुमारे ५ टक्क्यांना स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. वय आणि इतर आजारांचा हिशोब करूनही सर्वसाधारण लोकांपेक्षा त्यांचा धोका ७२ टक्क्यांनी, आणि इतर कारणांनी रुग्णालयात आलेल्यांपेक्षा २३ टक्क्यांनी जास्त होता. यातही उलटा अर्थ शक्य आहे: स्मृतिभ्रंश सुरू झाल्यामुळेच माणसाचा प्रमाणाचा अंदाज चुकला आणि तो रुग्णालयात पोचला. घरच्यांसाठी मात्र दोन्ही अर्थांचा उपयोग एकच आहे. भांग-गांजाने एकदा रुग्णालय दाखवलं, तर स्मरणशक्तीची नीट तपासणी करून घ्यायचीच.

उंदरांचाही दाखला दिला जातो. २०१७ मध्ये बॉन विद्यापीठात म्हाताऱ्या उंदरांना अल्प टीएचसी दिलं तर त्यांची शिकण्याची क्षमता सुधारली. खरं आहे. पण ते टीएचसी कातडीखालच्या छोट्या पंपातून, २८ दिवस, अहोरात्र एकसारखं आणि इतकं थोडं दिलं होतं की नशा चढू नये. तरुण उंदरांची स्मृती त्याच प्रमाणाने बिघडली. चिलमीचा झुरका किंवा भांगेचा पेला यातून मिळतो तो चढ-उतार, पंपासारखं काहीच मिळत नाही. माणसांतल्या स्मृतिभ्रंशाच्या चाचण्या झाल्या त्या अस्वस्थपणासाठी. नेदरलँड्समध्ये ५० रुग्णांना दीड मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तीन आठवडे दिलं. खोट्या गोळीपेक्षा फरक पडला नाही. कॅनडात नॅबिलोन या कृत्रिम औषधाने अस्वस्थपणा कमी झाला, पण रुग्ण पेंगुळलेले राहिले. स्मरणशक्ती सुधारावी म्हणून घ्या असं म्हणायला यातून आधार मिळत नाही.

'सगळं खापर गांजावर' हीसुद्धा जुनी खोड आहे. ब्रिटिश सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी नेमलेल्या १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने वेड्यांच्या इस्पितळांतली दप्तरं उघडली. १८९२ साली दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांपुढे कारण म्हणून हीच नशा लिहिलेली होती. एकेक प्रकरण उकरल्यावर जेमतेम ९८ उरले. कारण ठाऊक नसलं की कारकून नि पोलीस 'गांजा' लिहून मोकळे होत. आजही 'ते गांजा ओढतात, म्हणून विसरतात' म्हणून फाइल बंद करणं तितकंच घातक आहे. बी-१२ कमी असणं (शाकाहारी आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत फार), थायरॉईड, रक्तातलं सोडियम, नैराश्य, ऐकू कमी येणं, ही कारणं सोबत असू शकतात आणि ती तपासलीच पाहिजेत.

सोबतच्या गोळ्या

खरा घोळ इथे होतो. झोपेच्या नि चिंतेच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम, या भांगेसोबत गेल्या की दोन्हींची गुंगी एकमेकींवर चढते. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ट्रायहेक्सीफेनिडिल, लघवी आवरायची ऑक्सिब्युटिनिन या स्वतःच स्मरणशक्ती मंद करणाऱ्या गोळ्या. त्यांत टीएचसी मिसळलं की साध्या विसराळूपणाचं रूपांतर भ्रमात व्हायला वेळ लागत नाही. वॉरफरिन किंवा अ‍ॅसेनोकुमारॉलसारखी रक्त पातळ करणारी औषधं यकृत ज्या वाटेने मोडतं तिथेच टीएचसी आणि सीबीडी (याच झाडातला नशा न आणणारा घटक) आड येतात. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे याचं माप, वाढतो, आणि अशा माणसाने पडून डोकं आपटलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या टॅमसुलोसिनसारख्या गोळ्यांनी उभं राहताना रक्तदाब उतरतो. भांगेनेही उतरतो. रात्री लघवीला उठताना माणूस कोसळतो, खुबा मोडतो, आणि ऑपरेशननंतरचा भ्रम स्मृतीवर जो घाला घालतो तो कुठल्याही गांजापेक्षा मोठा असतो. हृदयविकार असलेल्यांना आणखी एक: ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका काही पट वाढतो असं २००१ च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळलं होतं.

चिलमीत गांजासोबत बहुधा तंबाखू असते. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करण्यात तिचा वाटा स्वतंत्र आणि पक्का आहे.

'आयुर्वेदिक आहे, चालतं' या भरवशावर विजया तेल वापरणाऱ्यांनी बाटलीवर टीएचसी किती मिलिग्रॅम आहे ते वाचावं. लिहिलेलंच नसेल तर घेऊ नये. भांगेच्या बियांचं खाद्यतेल हा वेगळा प्रकार आहे. त्याला एफएसएसएआय या सरकारी अन्न-सुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये परवानगी दिली आणि त्यात टीएचसी नगण्य असतं.

चढलेली असेल तर

तासाभरात सुरू झालेला गोंधळ, दुपारी बरा नि संध्याकाळी वाईट असा वर-खाली, लक्ष न टिकणं, नसलेली माणसं दिसणं, हा भ्रम आहे, स्मृतिभ्रंश नव्हे. स्मृतिभ्रंश महिन्यांनी येतो. सगळ्यात आधी पक्षाघात नाही ना ते बघा: हसायला सांगा, दोन्ही हात उचलायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. चेहरा वाकडा, हात खाली पडणं किंवा जीभ जड असेल तर भांग घेतली असली तरी तडक रुग्णालय गाठा. ग्लुकोमीटर घरात असेल तर साखर मोजा. मधुमेही माणूस नशेत जेवण विसरतो आणि इन्सुलिन घेऊन मोकळा झालेला असतो.

लिंबू, ताक, चिंचेचं पाणी, तूप, यांपैकी काहीही पेंगुळलेल्या माणसाच्या तोंडात ओतू नका. ते श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. ओकारी काढायला लावू नका. खोलीत मंद दिवा, चष्मा डोळ्यांवर, श्रवणयंत्र कानात, ओळखीचं माणूस शेजारी, आणि कुशीवर झोपवणं, एवढं पुरतं. एकट्याला बाथरूमला जाऊ देऊ नका. छातीत दुखणं, नाडी १२० च्या वर राहणं, शुद्ध हरपणं, हाका मारून न उठणं किंवा डोकं आपटणं, यांतलं काही झालं तर १०८ ला फोन करा. तिथल्या डॉक्टरांना लाज न बाळगता खरं सांगा. नाहीतर सीटी स्कॅनपासून मणक्यातल्या पाण्यापर्यंत सगळ्या तपासण्या होतात. लघवीच्या चाचणीवर विसंबू नका. नेमाने घेणाऱ्याची ती आठवडेच्या आठवडे पॉझिटिव्ह राहते. त्यावरून 'आत्ता चढली आहे का' हे कळत नाही.

विचारायचं कसं, आणि पुढे काय

'तुम्ही नशा करता का?' असं विचारलं की उत्तर 'नाही' येणार. 'बाबा, झोपेसाठी किंवा गुडघ्यासाठी डॉक्टरांच्या गोळ्यांशिवाय काही घेता का? तेल, चूर्ण, भांगेची गोळी?' असं विचारा. 'आजोबा, दिवसाला किती चिलमी होतात, आणि पहिली किती वाजता?' हा प्रश्न 'ओढता का' यापेक्षा सरळ उत्तर आणतो. सकाळी उठल्या-उठल्या लागत असेल तर सवय शरीरात मुरली आहे.

स्मरणशक्तीची चाचणी, मोका असो वा दुसरी, नशेत किंवा दुसऱ्या दिवशीच्या गुंगीत कधीही करू नये. त्यात पाच शब्द सांगून पाच मिनिटांनी परत विचारतात, आणि टीएचसी नेमकं तेच पुसतं. एक चाचणी आत्ता, शक्य तितक्या शुद्धीत, आणि दुसरी पूर्ण चार आठवडे बंद ठेवल्यावर. चार आठवडे का? रोज घेणाऱ्यांच्या मेंदूत सीबी-१ ग्राहक घटलेले असतात. बंद केल्यावर दोन दिवसांतच ते वाढू लागतात आणि साधारण २८ दिवसांत बहुतेक भाग पूर्वपदावर येतात. मोठ्या प्रमाणात घेणाऱ्यांवरच्या २००१ च्या अभ्यासातही बंद केल्यावर आठवड्याने दिसणारी स्मृतीची कसर २८ व्या दिवशी उरली नव्हती. ते लोक वृद्ध नव्हते, म्हणून साठीनंतर मी सहा ते आठ आठवडेही थांबायला सांगेन.

बंद करताना पहिले दोन आठवडे कठीण जातात. चिडचिड, भूक न लागणं, रात्री घाम, आणि झोप उडणं. झोप लागली तर भडक स्वप्नं. दुसऱ्या ते सहाव्या दिवशी हे सगळ्यात जोरात असतं. घरचे नेमके इथे 'त्यांना झोपेची गोळी द्या' म्हणतात आणि एक सवय जाऊन दुसरी लागते. त्याऐवजी रोज घेणाऱ्याचं प्रमाण दर चार-पाच दिवसांनी चतुर्थांश कमी करत जा, दुपारची आधी बंद, रात्रीची शेवटी. चिलीम सोडणाऱ्याला तंबाखूचीही ओढ लागते, तिच्यासाठी निकोटिनच्या पट्टीबद्दल डॉक्टरांना विचारा. पूर्वी मनोविकार झाला असेल तर हे घरी करू नका. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची १४४४६ ही आणि मानसिक आरोग्याची टेलि-मानसची १४४१६ ही मोफत मदतवाहिनी आहे.

दुसऱ्या चाचणीतही पाच शब्दांपैकी दोनच आठवत असतील, आणि ओळखीच्या रस्त्यावर चुकणं किंवा पैशांचा हिशोब न जमणं चालूच असेल, तर मेमरी क्लिनिकला जा. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं, तेलाची बाटली, भांग-गांजा कधीपासून, किती आणि शेवटचं कधी याची एका कागदावर नोंद, दोन्ही चाचण्यांचे गुण तारखांसकट, आणि बी-१२, थायरॉईड, सोडियमचे रिपोर्ट सोबत न्या. रोजच्या सहवासातलं एक माणूसही बरोबर हवं, कारण आजोबा म्हणतील 'मला सगळं आठवतं', आणि डॉक्टरांना दुसरी बाजू ऐकायची असते.